गुरुवारचं लिंबू

कोल्हापूरच्या माणसावर लिहितोय म्हटल्यावर तुम्ही आता सरसावून बसला असणार. तालमीतला पैलवान येणार, मिशीला पीळ देणार, तांबड्या रश्श्याची वाटी तोंडाला लावणार आणि शेवटी कुणाला तरी उचलून आपटणार. तसलं काय न्हाय. ह्यातला माणूस पाच फूट दोन इंच, वजन भिजल्यावर बेचाळीस किलो, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंड्याच्या गाडीपास्नं चार हात लांबनं जाणारा. उभ्या जन्मात त्यानं काय उचललं असंल तर रंगीत पेन्सिल. उठायचं असंल तर आत्ताच उठा. मी राग मानणार न्हाय. पहिल्या दिवशी मीपण त्यांच्या दुकानातनं उठून जाणारच होतो.

मी मूळचा आजऱ्याचा. कोल्हापुरात दुचाकीच्या शोरूममध्ये कामाला, गुरुवारी सुट्टी. पोटाला नोकरी आणि नाद नकलांचा. शाळेत असताना खिडकीबाहेरनं हेडमास्तरांचा आवाज काढून मी अख्खा वर्ग अर्धा तास आधी घरला सोडलाय. कुणाचाबी आवाज दोनदा ऐकला की तो माझ्या घशात बसतोय. तर एकदा मोबाईलवर कोणतरी रंगीत पेन्सिलींनी म्हाताऱ्याचं तोंड काढताना बघितलं, सुरकुतीन् सुरकुती, आणि मनात आलं, आवाज तर काढतोयच, आता तोंडंपण काढूया.

पापाच्या तिकटीपास्नं आत बोळात एक चित्राच्या सामानाचं दुकान होतं. गेलो. आप्पा, म्हंजे तेच बेचाळीस किलो, गल्ल्यावर बसलेले. पांढरा सदरा, खिशात जांभळ्या पेन्सिलीचा एक बोटभर तुकडा.

"बोला पावणं."

"बहात्तर रंगांचा डबा द्या."

"काय काढणार?"

"माणसं."

"किती?"

"किती म्हंजे?"

"न्हाय, बहात्तर रंग लागत्यात म्हंजे मोर्चा काढणार असशीला."

दुकानात दुसरं कोण न्हवतं म्हणून बरं. आप्पांनी एक ट्रे पुढं सरकवला. त्यात वापरून उरलेल्या पेन्सिलींचे तुकडे. वर चित्रकलेच्या कागदाचा एक चतकोर.

"दारावर काय लटकतंय?"

"लिंबू-मिरची."

"त्यातलं लिंबू काढा. चार पेन्सिली घ्या. पाचवी न्हाय."

मी शेंड्यांचा रंग बघून पटापट उचलल्या. पिवळी, गडद पिवळी, हिरवी, काळी. आप्पा म्हणाले, "शेपूट बघून म्हस घेता व्हय? कागदावर घासा की आधी." घासल्या तर पिवळी म्हणून घेतली होती ती भगवी निघाली. बदलली. मग दहा मिनिटांत एक झकास लिंबू काढलं. गोल, पिवळंधमक, खाली काळी सावली. मला वाटलं, आता डबा मिळतोय.

आप्पांनी कागद उचलून बघितला. "छान हाय. शनिवारी या."

"शनिवारी कशाला?"

"असलं लिंबू शनिवारी असतंय. आज गुरुवार हाय."

तेव्हा मी पहिल्यांदा दाराकडं बघितलं. म्हंजे खरोखर बघितलं. दर शनिवारी एक जण येऊन बोळातल्या सगळ्या दुकानांना ताजं लिंबू बांधून जायचा. गुरुवारपर्यंत त्यानं पाच दिवसांचं ऊन खाल्लेलं असायचं. एक बाजू आत गेलेली, खाली तपकिरी चट्टा, मध्येच शेवाळी डाग, आणि पिवळं म्हणाल तर दोऱ्याजवळ नखाएवढं. आप्पांचा त्या लिंबावर विश्वास बिश्वास काय न्हवता. "नजर लागंल एवढं हाय काय माझ्यात?" म्हणायचे. "पण मॉडेल घरपोच येतंय, कशाला सोडा?"

नवीन माणसाला त्यांनी पहिल्या दिवशी मोठा डबा विकलेला मी कधी बघितला न्हाय. आधी लिंबू. लिंबू जमेपर्यंत माणूस पावणं. जमलं की तम्मा. आप्पांचं घराणं सीमेपलीकडचं, घरात कानडी, आणि तम्मा म्हंजे धाकटा भाऊ. सत्तरीचा माणूस असला तरी लिंबू जमल्यावर तो तम्माच. बायकांना अक्का.

मला आठ गुरुवार लागले.

पाचव्या गुरुवारी कबनूरचे दत्तूमामा आले. यंत्रमागावर जन्म काढलेला माणूस, पन्नाशीचा, कानात मागाचा आवाज बसल्यामुळं जरा मोठ्यानंच बोलणारा. पोरं शिकून बाहेर गेलेली, हातांना काहीतरी पायजे होतं. त्यांनी ट्रेमधल्या सगळ्या पेन्सिली कागदाच्या कडेला एकेकदा घासल्या, मग दारातल्या लिंबाकडं बघितलं, परत घासल्या, आणि चार उचलल्या. फिकी पिवळी, गेरू, शेवाळी आणि जांभळी. मी मनात हसलो. लिंबाला जांभळी!

"जांभळी कशाला घेतलीस?" आप्पांनी विचारलं. त्यांचा आवाज बदललेला.

"ताणा पिवळा असला आणि त्यात जांभळा बाणा मारला की कापड असंच मळकट उतरतंय," मामा म्हणाले. "उभा धागा एक, आडवा एक. हे लिंबू तसंच दिसालंय मला."

आप्पांनी खिशातला स्वतःचा जांभळा तुकडा काढून गल्ल्यावर ठेवला. "चाळीस वर्सं झाली," ते म्हणाले, "हे मी दुसऱ्याला सांगतोय. आज कुणीतरी मला सांगितलं. बस तम्मा."

पहिल्याच दिवशी तम्मा! मी पाच आठवडे काळी सावली मारत बसलेलो. माझ्याकडं वळून म्हणाले, "पावणं, पिवळ्याची सावली जांभळी असते. काळी मारली की लिंबू मेलं."

आठव्या गुरुवारी त्यांनी माझा कागद बराच वेळ धरला आणि चार पेन्सिली मोजून माझ्या हातात दिल्या. "ओंदु, एरडु, मूरु, नाक्कु. साकु." चार. बस झाल्या.

"आणि बाकीच्या अडुसष्ट?"

"ह्या चारातच हायत त्या. सापडंना झाल्या तर ये, तम्मा."

त्यानंतर मी दर गुरुवारी तिथंच. बसायला मोडकं स्टूल, प्यायला शैलाअक्काचा चहा. शैलाअक्का म्हंजे आप्पांची लेक, शाळेत शिकवायची, दुकानाच्या माडीवरच बापलेक राहायची. ती मला नकल्या म्हणायची, कारण महिन्याभरात आप्पांचा आवाज माझ्या घशात बसला. आधी घसा खाकरायचा, मग "हां" लांबवायचा, आणि वाक्याच्या शेवटाला "की" अशी टाकायची जशी डब्याला टोपण. दुकानाचा फोन वाजला की मी उचलायचो आणि आप्पांच्या आवाजात बोलायचो. गिऱ्हाईक फसायचं. आप्पा म्हणायचे, "बरं झालं. मला पाणी प्यायला वेळ मिळतोय."

दुकानात दोन गोष्टी दुसरीकडं कुठं बघितल्या न्हाईत.

एक म्हंजे गल्ल्यावर टांगलेला पुठ्ठा. त्यावर जांभळ्या अक्षरांत, "पडली तर सांगा." पेन्सिल हातातनं पडली की बाहेरनं काय दिसत न्हाय, पण आतली कांडी ठिकठिकाणी मोडलेली असते. घरी नेऊन टोक करायला गेलं की तुकडाच बाहेर येतोय, पुन्हा टोक, पुन्हा तुकडा. म्हणून कुणाच्या हातनं पडली की त्यानं मोठ्यानं सांगायचं. आप्पा कुणाला ओरडायचे न्हाईत. पडलेली पेन्सिल आपल्या वापराच्या डब्यात टाकायचे. "पडण्यात लाज न्हाय. न सांगण्यात हाय," एवढंच.

दुसरी म्हंजे खिडकीतली पट्टी. दुकानाला पश्चिमेची एक खिडकी, दुपारनंतर तिच्यातनं ऊन नुसतं ओतायचं. दसऱ्याला आप्पा नव्या मालातल्या बारा पेन्सिली निवडायचे, कागदाच्या लांब पट्टीवर बारा चौकोन रंगवायचे, अर्धी पट्टी काळ्या कागदानं झाकायची आणि काचेला चिकटवायची. उघडायची गुढीपाडव्याला. झाकलेला अर्धा आणि उन्हातला अर्धा सारखाच दिसला तर रंग टिकला. फिका पडला तर उडाला. उडालेला रंग आप्पा चित्र काढणाऱ्याला द्यायचे न्हाईत. बारावा चौकोन नेहमी त्यांच्या खिशातल्या जांभळ्याचा. "जांभळं आणि गुलाबी ही उडायचीच जात," ते सांगायचे, "पण ह्या कंपनीचा जांभळा न्हाय उडायचा. सगळं जाईल, ह्यो राहील." आणि दर पाडव्याला तो राहायचा.

आता जे सांगणार हाय त्यात माझ्या नकला येणार हायत, पण हसायला न्हाय.

त्या वर्षी आप्पा गिऱ्हाईकाला जास्त विचारायला लागले होते. "तूच सांग, कसा वाटतोय?" मला वाटायचं, शिकवायची पद्धत हाय. पेन्सिल चुकीच्या खणात ठेवली की खवळायचे. मला वाटायचं, वय झालं. पाडव्याला सकाळी मी गुढीला नमस्कार करून दुकानात गेलो. शैलाअक्का माडीवर स्वयंपाकात, खाली आम्ही दोघंच. आप्पांनी पट्टी काढली, काळा कागद सोलला, पट्टी नाकाजवळ नेली, तिरकी केली, सरळ केली. मी शेजारीच उभा होतो. गुलाबी चौकोनाचा उन्हातला अर्धा भाग राखेसारखा झाला होता. आंधळ्यालासुद्धा दिसलं असतं, असं आपण म्हणतो तसं.

"सगळी टिकली," आप्पा म्हणाले. आणि माझ्याकडं वळले. "व्हय न्हवं?"

त्या 'व्हय न्हवं' मध्ये काय होतं ते मला त्याच क्षणी कळलं. आवाजातलं सगळं कळतंय मला, तेवढं एकच येतंय. तोंडावर कायम जोक असणारा मी, पण तेव्हा नुसतं म्हणलो, "व्हय आप्पा. सगळी."

ते हसले. त्यांच्या खांद्यावरनं पोतं उतरल्यागत दिसलं. आणि गुलाबी पेन्सिली विकायच्या खणात गेल्या.

वैशाखात आप्पा आणि शैलाअक्का वारणानगरला लग्नाला गेलते. दुकान दिवसभर माझ्यावर. फोन वाजला. सवयीनं उचलला, घसा खाकरला, "हां" लांबवला. पलीकडं दत्तूमामा. मामी शिमग्याच्या सुमारास गेल्या होत्या, मला माहीत होतं.

"आप्पा, तिचं चित्र करालोय," मामा म्हणाले. "फोटो एकच हाय, तोबी आधारकार्डावरचा. पण लुगडं मी माझ्या आठवणीतलं करणार हाय, गुलाबी. गुलाबी टिकली काय हो यंदा पाडव्याला?"

मी तिथंच माझ्या आवाजात आलो असतो तर संपलं असतं. पण टिकली न्हाय म्हणायचं तर आप्पांना दिसत न्हाय हे सांगायचं. मी आप्पांच्या आवाजात म्हणलो, "टिकली की तम्मा. बिनधास्त घे की."

दुसऱ्या दिवशी मामा येऊन घेऊन गेले.

दिवाळी झाल्यावर ते परत आले. गुरुवार होता. काखेत टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम. गल्ल्यावर ठेवली आणि टॉवेल बाजूला केला. मामींचं तोंड कागदावर असं उतरलं होतं की मी स्टुलावरनं उठलो. मान जराशी वाकडी, ओठ मिटलेले, काहीतरी बोलायचं ठेवून दिल्यागत. आणि खाली लुगडं. खिडकीकडच्या बाजूनं पार पांढरं.

"आप्पा," मामा म्हणाले, आणि ह्या वेळी मोठ्यानं न्हाय, "माझी बायको सवाष्ण गेली. तिच्या अंगावर पांढरं आलं."

शैलाअक्का जिन्यातच थांबली.

"गुलाबी मी दिली?" आप्पांनी विचारलं.

"मी फोन केलता की. तुम्हीच म्हणाला टिकली. तुमचा शब्द म्हणून घेतली."

आप्पांनी फ्रेम उचलून नाकाला लावली. अशी तिरकी, तशी सरळ, पाडव्याला पट्टी धरली होती अगदी तशी. मग खाली ठेवली. हात चाचपत वर गेला आणि टांगलेल्या पुठ्ठ्यावर थांबला.

"मला दिसत न्हाय, तम्मा," ते म्हणाले. "गुढीपाडव्याच्या आधीपास्नं रंग दिसत न्हाय. पाटी माझीच हाय आणि मीच सांगितलं न्हाय."

"आप्पा!" शैलाअक्का म्हणाली.

मग मी सांगितलं. फोनवर मी होतो. पट्टीवर गुलाबी उडालेली मी बघितली होती. सगळं सांगितलं, माझ्या आवाजात, आणि तो आवाज मलाच कुणाचा तरी वाटला.

दत्तूमामांनी माझ्याकडं बघितलं. "आवाज हुबेहूब काढतोस बाबा," म्हणाले. आजवर मला मिळालेली सगळ्यात वाईट शाबासकी.

आप्पांनी आपल्या वापराच्या डब्यात बोटं घातली, एकेक तुकडा अंगठ्यानं चाचपला आणि एक काढला. "हा जुन्या मालातला. सहा पाडवं बघून आलाय. शैला, गुलाबीच हाय न्हवं? नीट बघून सांग." ती हो म्हणाली. मामांनी तिथंच काच काढली, शैलाअक्कानं फ्रेम धरली, आणि मामा पदराच्या टोकापास्नं पुन्हा रंग भरायला लागले. मी काहीतरी मदत करावी म्हणून पुढं झालो.

"पावणं," आप्पा मला म्हणाले, "वाईच सरका. उजेड अडतोय."

पावणं. आठ गुरुवार खपून जे मिळवलं होतं ते गेलं.

डॉक्टरांनी सांगितलं, साखरेनं डोळ्याचा पडदा खाल्लाय, उशीर झाला, आधी आणलं असतं तर निम्मं तरी वाचलं असतं. हे शैलाअक्कानं मला सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडं बघितलं न्हाय. मी गुरुवारी जायचं सोडलं न्हाय. आप्पा बोलायचे. "बसा पावणं. चहा घेणार काय पावणं?" ओरडले असते तर बरं झालं असतं. मी शोरूममध्ये पण नकला बंद केल्या. सगळ्यांना वाटलं, पोरगीचं काहीतरी असंल.

पाडवा आला. हा शेवटचा, पुढच्या महिन्यात आप्पा गेले. आत्ताच सांगून टाकतो, म्हंजे शेवटाला रडवलं असं नको.

आप्पा दारात खुर्चीवर बसलेले, डोक्यावर ते लटकणारं लिंबू. पांढरा सदरा, खिशात जांभळा तुकडा. दसऱ्याची पट्टी त्यांनी स्वतःच चिकटवली होती, चौकोन अंदाजानं रंगवून.

"पावणं, पट्टी उघडा. आणि वाचा."

मी वाचली. पिवळा टिकला. नारंगी जरा उतरला. तांबडा टिकला. गुलाबी उडाला, आप्पा, पार उडाला. पोपटी, गडद हिरवा, आकाशी, निळा, गेरू, तपकिरी, राखाडी, एकेक करून जसा होता तसा सांगितला. आप्पांचा अंगठा बोटांच्या पेरांवरनं सरकत होता. संपल्यावर अंगठा तिथंच थांबला.

"त्या दिवशी फोनवर काय बोलला? बोलून दाखवा. माझ्या आवाजात."

"नको आप्पा."

"बोला."

घसा खाकरला. 'हां' लांबवला. "टिकली की तम्मा. बिनधास्त घे की."

आप्पा खुर्चीतनं अर्धे उठले.

"गाढवा! बिनधास्त? मी उभ्या जन्मात कुणाला बिनधास्त म्हणलोय काय रे? फोनवर कधी रंग सांगितलाय काय मी? मी म्हणलो असतो, ये, बस, घास, उजेडात बघ आणि मग घे! एवढा आवाज काढतोस, आणि आत माणूस कुठला घातलास? एवढी वर्सं दुकानात बसून हेच शिकलास? आणि आता पुन्हा तेच करालायस! शुंभासारखा उभा राहू नको, पट्टी बघ! बारा चौकोन लावल्यात मी. हन्नोंदु झाले, अकरा! बारावा कुठं हाय? माझा जांभळा कुठं हाय? उडाला न्हवं? मग उडाला म्हणून मोठ्यानं सांग की, तम्मा!"